रीजन पाच, परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही म्हणतं. कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं, असलं विचारायचं नसतं. परभणीच्या माणसानं नुसती मान ताठ करायची. डीव्हीडी काढणाऱ्या कंपन्यांच्या कानावर मात्र ही म्हण गेलेली दिसत नाही. त्यांनी जगाच्या वाटण्या केल्या तेव्हा जर्मनी गेली रीजन दोनमध्ये, जपानसोबत. परभणीच्या वाट्याला आलं रीजन पाच, आणि भावकीत रशिया, बहुतेक आफ्रिका आणि उत्तर कोरिया. दोनच्या वाटणीतली तबकडी पाचच्या प्लेअरमध्ये चालत नाही. बांध म्हणजे बांध.

हे ज्ञान मला भाच्यामुळं झालं. तो शिकायला खऱ्या जर्मनीत आहे. सुट्टीत येताना त्यानं सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला ‘मेट्रोपोलिस’ची डीव्हीडी. फ्रिट्झ लांगचा १९२७ चा मूकपट. वर पैसेवाल्यांचं झगमगीत शहर, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांशी झुंजणारे कामगार, मध्ये एक यंत्रबाई. मी आनंदानं डबी उलटीपालटी करत बसलो तेव्हा देणाराच म्हणाला, “मामा, हे मोबाईलवर पण आहे बरं का.”

मोबाईलवर सगळंच असतं, पण कधीपर्यंत असतं? गेल्या दिवाळीत अर्धा बघून ठेवलेला सिनेमा पाडव्याला उघडायला गेलो तर ॲपवरून गायब. पैसे भरलेले, सिनेमा नाही, आणि भांडायला समोर माणूसही नाही. कपाटातली डीव्हीडी न्यायची तर निदान चोराला घरात यावं लागतं. आमच्या त्या कपाटाला चोरसुद्धा हात लावणार नाही, असं बायकोचं म्हणणं. तो मुद्दा वेगळा.

शिवाय ‘मेट्रोपोलिस’ हा काही साधा सिनेमा नव्हे. बर्लिनमध्ये पहिला खेळ झाल्यावर वितरकांनी त्याला कात्री लावली आणि जवळजवळ पाव सिनेमा उडवला. ते तुकडे गेले ते गेलेच, असं सगळे ऐंशी वर्षं धरून चालले होते. मग २००८ मध्ये अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात एक सोळा मिलिमीटरची जुनी प्रत सापडली आणि हरवलेली सुमारे पंचवीस मिनिटं परत मिळाली. जोडून, पुसूनपासून २०१० मध्ये तो पुन्हा दाखवला गेला. एवढं दिव्य करून सिनेमा परभणीत पोचतो आणि आमचा नामांकित कंपनीचा महागडा प्लेअर निळ्या पडद्यावर इंग्रजीत सांगतो, चुकीचा प्रदेश.

लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जिथं ठेवाल तिथं तो कायमचा. बायको म्हणाली, “अहो, पोराच्या लॅपटॉपला कायमचं जर्मनीत पाठवू नका.” शेवटी स्टेशन रोडवरच्या मेकॅनिककडं गेलो. टीव्ही दुरुस्तीवरून तो आता मोबाईलच्या काचांवर आलाय. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. “क्या सर, ये कौन देखता आजकल?” असं म्हणत फळीवरून एक धुळकट प्लेअर काढला. नाव कुणी न ऐकलेलं, पुढं कराओकेसाठी माइकची दोन भोकं, कडेला पेनड्राइव्हची जागा. “ये सब चलाता सर. इसको रीजन-बीजन कुछ मालूमच नै.” महाग प्लेअर कायदा पाळतात, स्वस्त चिनी प्लेअरांना तो ठाऊकच नसतो. माझा अशा अडाणीपणावर फार जीव आहे.

मेच्या दुपारी, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, दारं-खिडक्या लावून मी सिनेमा लावला. आमच्याकडं उन्हाळ्यात मूकपटच बघावा. कूलरच्या घरघरीत बोलपटातलं एक वाक्य कळेल तर शपथ. इथं वाक्यच नाही, चिंता मिटली. चिंता आईला होती. “आरं, काय बघायलास? आवाज येईना का त्याचा?” बाजा तर वाजतोय म्हटल्यावर ती म्हणाली, “मग बोलंनात का ते? भांडले का?” पाट्या जर्मन, खालची अक्षरं इंग्रजी, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगू लागलो. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभं राहून पाट्या समजावणारा माणूस असायचा. त्याला पगार मिळायचा, मला आईचे उपप्रश्न मिळत होते.

पण ती रमली. एक कामगार घड्याळासारख्या भल्यामोठ्या तबकडीचे काटे दोन्ही हातांनी ओढत राहतो, सुटका नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “याची ड्यूटी कव्हा सुटती?” जगभरच्या समीक्षकांनी या प्रसंगावर रकानेच्या रकाने लिहिलेत. मला तरी यापेक्षा नेमकं काही वाचायला मिळालेलं नाही.

मग अर्जेंटिनातून आलेले तुकडे सुरू झाले. त्यांच्यावर उभ्या रेघांचा पाऊस आहे, चौकटही जरा आखडलेली. इतकं पुसूनही ते डाग गेलेले नाहीत. नेमके तेव्हाच शेजारचे काका आत आले. क्षणभर बघून म्हणाले, “सर, सीडीवर चरे पडलेत. टूथपेस्ट लावा, पांढरी. जेल नको.” मी ब्युनोस आयर्सपासून सगळी कथा सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतली. “ते असंल हो,” ते म्हणाले, “पण एकदा लावून बघायला काय जातंय?” तबकडी टूथपेस्टपासून वाचवायला मी प्लेअरला पाठ लावून बसलो.

सिनेमाच्या शेवटाकडं कामगारांच्या वस्तीत पाणी घुसतं. नायिका धोक्याची घंटा बडवते, पोरं चहूकडून धावत येतात, पाणी चढतच जातं. आई म्हणाली, “यांच्याकडं नळाला रोज येतंय वाटतं.” आणि गल्लीतून हाळी आली, “नळ आले ऽऽ!”

परभणीत नळ येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढं फ्रिट्झ लांगची काय कथा? आई सगळ्यात आधी उठली. बायकोनं पाइप ओढला, काका आपल्या टाकीकडं पळाले आणि मी ड्रमचं झाकण काढायला. प्रत्येक घराची मोटार एकाच वेळी सुरू झाली, व्होल्टेज पडलं, बल्ब पिवळा झाला, प्लेअरनं मान टाकली. मागोमाग डीपीवर फटाका फुटल्याचा आवाज झाला आणि उरलीसुरली लाईटही गेली. तबकडी प्लेअरच्या पोटात, कामगारांची पोरं बुडत्या वस्तीत आणि आम्ही सगळे अंधारात बादल्या हातात घेऊन.

लाईट आली ती रात्री. प्लेअरला आपण कुठं होतो ते आठवेना. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. आधी कंपनीचं चिन्ह, मग नक्कल करू नका म्हणून तंबी, तीही पुढं ढकलता न येणारी. ज्यानं पैसे मोजून घेतलं त्यालाच चोर समजून बजावतात. पूर्वी आपण भाड्यानं आणायचो त्या चोरट्या सीड्यांवर ही पाटी कधी नसायची.

पोरं वाचली का, ते मला अजून पाहायचंय. कारण नळावरच्या गर्दीत बातमी फुटली की सरांकडं सीडी चालते. दुसऱ्याच दिवसापासून गल्लीतली लग्नं येऊ लागली. कुणाचा प्लेअर भंगारात गेलेला, कुणाच्या नव्या टीव्हीला पिना लावायची सोय नाही, पण लग्नाची डीव्हीडी प्रत्येकानं साड्यांच्या घडीत जपलेली. लग्नाच्या डीव्हीडीला रीजन नसतो, ती साऱ्या जगात चालते. मात्र फोटोग्राफरनं दुकानात बर्न केलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत पंधरा उन्हाळे काढल्यावर तो विटतो. पाठीमागच्या काकांच्या मुलीचं लग्न बदामाच्या आकाराच्या चौकटीतून छान चाललं होतं, ते मंगलाष्टकांपाशी गोठलं. अंतरपाट काही हलेना. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच लग्न मोडलंय. तेवढ्यात शेजारच्या काकांनी खिशातून टूथपेस्ट काढली, आणि आता मात्र मला ती अडवता आली नाही. लग्न लागलं! फेटे, अक्षता, पंगत, सगळं सुरळीत दिसलं.

त्या दिवसापासून गल्लीत माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला किंमत आहे. रविवारी मोकळा वेळ बघून मी कामगारांच्या वस्तीकडं वळणार होतो, तर समोरच्या काकू तीन डब्या घेऊन दारात.

“सर, ते तुमचं पाण्याचं नंतर लावा. आधी आमचं डोहाळजेवण घ्या. दोन भागात आहे, आणि बारसं वेगळं.”