चारशे रुपयांतले रूप

आमच्या न्हाणीघरातल्या फडताळावर संपत आलेली एकही बाटली पायांवर उभी नसते. शांपूची असो, भांड्यांच्या साबणाची असो वा अंगाला लावायच्या मलमाची असो, तळ दिसू लागला की ती टोपणावर शीर्षासन करून उभी राहते, आणि तिच्यातला शेवटचा थेंब खाली उतरेपर्यंत नवी बाटली उघडायची नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे. टूथपेस्टच्या ट्यूबवर आधी लाटणे फिरते आणि मग कात्री चालते. या काटकसरीचा मला अभिमान आहे, आणि गेल्या जानेवारीत माझी जी फजिती झाली तिचे मूळही या अभिमानातच होते.

माझी भाची मनू बाणेरला नवे बिऱ्हाड थाटणार होती, म्हणून चार दिवस आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. पहिल्याच रात्री तिने आमच्या शीर्षासनी बाटल्यांच्या रांगेत स्वतःची एक बाटली ठेवली. ती करंगळीएवढी होती, काळसर काचेची होती, तिच्या टोपणालाच थेंब टाकण्याची नळी होती, ती अर्ध्याहून अधिक संपलेली होती आणि तिची किंमत ६४९ रुपये होती. आत काय आहे असे विचारल्यावर 'सीरम' एवढेच उत्तर आले. वास्तविक मी तिथेच थांबायला हवे होते. परंतु मनूने, "मावशी, या वयातही तुझी त्वचा इतकी छान कशी गं? तू काय वापरतेस?" असे विचारले आणि माझा तोल गेला. चारशे रुपयांत तुझा चेहरा, तुझे केस आणि तुझे नवे घर, तिन्ही लखलखीत करून दाखवते, असे मी बोलून बसले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मनुष्य बायकोचे बोलणे ऐकून वर्तमानपत्र खाली घेतो, हे काही चांगले लक्षण नव्हे.

खरे सांगायचे तर माझ्या त्वचेचे श्रेय माझ्या आईकडे जाते. परंतु आई काही दुकानात मिळत नाही, त्यामुळे यादी करणे भाग होते.

यादीत पहिला मान अर्थातच खोबरेलाचा. ते डोक्याला लावायचे की फोडणीला घालायचे, हा प्रश्न कोकणात कोणाला पडत नाही. करखात्याला मात्र तो कित्येक वर्षे पडला होता. खाद्यतेलावरचा कर केसांच्या तेलावरच्या करापेक्षा कमी होता (जीएसटी आल्यावर ५ टक्के आणि १८ टक्के), त्यामुळे छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल नेमके कोणत्या रांगेत बसवायचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि केवळ बाटली लहान आहे म्हणून आतले तेल केसांचे ठरत नाही, असा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला. (पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एवढे वकील कशाला लावले होते, असे मला वाटून गेले.) आमच्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्या एकाच बाटलीतून फणसाच्या भाजीवरही तेल ओतीत आणि नातवाच्या टाळूवरही, म्हणजे हा निकाल आमच्या घरी आधीच लागलेला होता. बायकांच्या फडताळावरची एखादी वस्तू औषधात मोडते की शृंगारात, हे ठरवताना सरकारची नेहमीच तारांबळ उडते. १९५२ साली परळला सुरू झालेल्या विकोलाही आपले हळदीचे मलम आयुर्वेदिक औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे पटवून देण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या.

खोबरेलाखाली मी रिठे, शिकेकाई, मुलतानी माती, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि कापूर लिहिले. हळद आणि बेसन घरात होते. बोरोलीनची हिरवी ट्यूब १९२९ साली कोलकात्यात जन्मली आणि माझ्या माहेरी कधी आली ते कोणालाच आठवत नाही. ती यादीत लिहायची नसते, ती घरात असतेच. तुरटीही लिहिली नाही. आमच्याकडचा तुरटीचा खडा सासऱ्यांनी दाढीनंतर गालावर फिरवण्यासाठी आणला होता. ते गेल्यानंतर तो ह्यांच्या गालावर फिरला, पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या पिंपात फिरला, घामाला वास येऊ नये म्हणून मुलाच्या काखेतही फिरला, आणि तरी अजून लिंबाएवढा शिल्लक आहे. एवढ्या वर्षांत एवढी चाकरी करणारे दुसरे कोणतेही प्रसाधन मला ठाऊक नाही, आणि असे चिवट ग्राहकोपयोगी दगड विकून कोणताही उद्योगपती मोठा होणार नाही, हेही उघड आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे अख्खे रिठे नव्हते, म्हणून आम्ही रिक्षाने मंडईजवळच्या काष्टौषधींच्या दुकानात गेलो. एकूण खरेदी ३६५ रुपयांची झाली. रिक्षाचे येताजाताचे २१० रुपये मी हिशेबात धरले नाहीत, कारण रिक्षा हे काही सौंदर्यप्रसाधन नव्हे. दुकानदाराने, "ताई, पूड देऊ का, सोपी पडते," असे दोनदा विचारले होते. पुडीत काय मिसळतात कोण जाणे, असे मी मनूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि अख्खे रिठे घेतले.

या वाक्याची किंमत रात्री दहा वाजता कळली. रिठ्याचे वरचे चामट टरफल कामाचे असते आणि आतली काळी कुळकुळीत बी निरुपयोगी, त्यामुळे प्रत्येक रिठा फोडून बी काढावी लागते. पितळी खलबत्त्यात रिठा ठेवून बत्ता घातला की तो फुटत नाही, तो उडतो. पहिला फ्रिजखाली गेला, दुसरा ह्यांच्या चष्म्यावर आदळला, आणि सातव्याच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून, "काही दुरुस्ती चालू आहे का?" अशी अत्यंत सौम्य शब्दांत चौकशी केली. पुढचे सगळे रिठे मी पलंगावर बसून, उशी मांडीवर घेऊन, सांडशीने फोडले.

रविवारी सकाळी ते काळपट पाणी उकळून, गाळून मनूच्या हवाली केले. रिठ्यात सॅपोनिन असते, ते मळ आणि तेल सोडवते, म्हणून सोनारही दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतो, ही माहिती मी दाराबाहेरून दिली. मात्र दागिन्याला डोळे नसतात, हे सांगायचे राहून गेले. शांपू जागच्या जागी बसतो. रिठ्याचे पाणी पाण्यासारखेच वाहते, कपाळावरून भुवयांत, भुवयांतून डोळ्यांत, आणि डोळे चोळायला जावे तर हातालाही तेच लागलेले असते. मनू बाहेर आली तेव्हा तिचे केस खरोखरच सुळसुळीत झाले होते, हे मी आवर्जून नमूद करते. परंतु ते तिला दिसत नव्हते.

डोळे निवेपर्यंत मी तिला स्वयंपाकघरात नेऊन घराच्या स्वच्छतेचा पाठ द्यायचे ठरवले. बेसिनच्या जाळीत चार चमचे सोडा टाकला आणि वरून व्हिनेगर ओतले. फसफसून जो फेस वर आला तो पाहून मनूने किलकिल्या डोळ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. "बघ, कसा मळ खातोय," असे मी म्हणाले, आणि याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखे हे दारात उभे राहिले. "तो मळ खात नाही, ते एकमेकांना खाताहेत," ह्यांनी सांगितले. "एक अल्क, एक आम्ल. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, आता खाली उरले ते सोडियम ॲसिटेटचे खारट पाणी. तू पन्नास रुपयांच्या दोन चांगल्या वस्तू घेतल्यास आणि त्यांचे पाणी केलेस." वाईट याचे वाटले की ते खरे होते. सोडा ओलसर करून एकटा घासला तर ओट्यावरचा चिकटपणा निघतो, आणि बोअरच्या पाण्याने नळावर बसलेला पांढरा क्षार एकट्या व्हिनेगरने सुटतो. दोघांना एकत्र आणले की फक्त शोभा होते. ह्यांनी या मुद्द्यावर संसाराचे एक उदाहरणही देऊ केले, पण ते मी ऐकून घेतले नाही.

त्यानंतर चेहरा. मनूला एकटीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मुलतानी मातीचा लेप मीही लावला. आता पाकिस्तानात असलेल्या मुलतानचे नाव घेऊन फिरणारी ही माती तेल शोषून घेण्यात पटाईत आहे. विलायतेतही अशाच मातीने लोकरीतला तेलकटपणा काढीत असत. लोकर आणि गाल यांत फरक एवढाच की लोकरीला त्या वेळी बोलावे लागत नाही. माती वाळत आली की गाल मागे ओढले जातात, ओठ हलवले तर भेगा पडतात आणि हसणे पूर्णपणे बंद होते. नेमक्या त्याच वेळी सोसायटीचा रखवालदार देखभाल शुल्काच्या पावतीवर सही घ्यायला आला. मी दार उघडले. तो दोन पावले मागे सरला. "काका आहेत का?" असे त्याने विचारले आणि मी ओठ न हलवता दिलेले उत्तर त्याला बहुधा गुरगुरण्यासारखे वाटले असावे, कारण पावती उंबऱ्यावर ठेवून तो जिन्याने खाली गेला. लिफ्ट समोर उघडी होती.

माती धुतल्यावर त्वचा कोरडी पडते, म्हणून साय, बेसन आणि हळदीचे उटणे लावून शेवट गोड करायचा, असा माझा बेत होता. माझी आई हळद चिमटीने घेत असे. मी, सकाळपासून झालेल्या अपमानांची एकदम भरपाई व्हावी म्हणून, चमच्याने घेतली. पंधरा मिनिटांनी मनूने चेहरा धुतला, दांडीवर जो हाती लागला त्या पंचाने पुसला आणि आरशात पाहिले. ती देवीच्या मुखवट्यासारखी पिवळीजर्द झाली होती. "मावशी," ती शांतपणे म्हणाली, आणि हा शांतपणाच जास्त भीतिदायक होता, "उद्या मी ऑफिसला गेले की सगळे मला विचारतील, हळद लागली का, आणि आम्हाला बोलावले का नाही."

मी तिला धीर देण्याऐवजी पंचाकडे पाहत होते. तो ह्यांचा पूजेचा पांढराशुभ्र पंचा होता आणि त्यावर मनूचे अख्खे मुख उमटले होते. घाईघाईने तो मोरीत नेऊन मी त्यावर कपड्यांच्या साबणाची वडी घासली, आणि पाहता पाहता पिवळे डाग लालभडक झाले. माझ्या ओरडण्याने मनू धावत आली, मोरीतले लाल पाणी पाहून तीही ओरडली, आणि हे आले ते मात्र असे प्रसन्न चेहऱ्याने, की निवृत्तीनंतर इतके प्रसन्न मी त्यांना पाहिले नव्हते. "हळद हा दर्शक आहे!" ते म्हणाले. "अल्कात लाल, आम्लात पिवळी. अगं, तुमचे कुंकू तरी कशाचे करीत? हळदीचेच ना?" एवढे बोलून ते स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू घेऊन आले आणि डागावर पिळले. डाग पुन्हा पिवळा झाला. त्यांनी साबण लावला, लाल झाला. लिंबू पिळले, पिवळा झाला. मनू डोळे पुसत, पिवळ्या तोंडाने, "काका, परत एकदा," असे म्हणू लागली, तेव्हा मी तिथून उठून आले. माझी चार लिंबे त्या मोरीत खर्ची पडली, आणि तीही हिशेबात नव्हती.

पंचा शेवटी कोणत्याच पदार्थाने स्वच्छ झाला नाही. तो धुऊन मी गच्चीवर कडक उन्हात घातला, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, एवढे मला रसायनशास्त्र शिकल्यावाचूनही माहीत होते, आणि दोन दिवसांत तो पांढरा झाला. मनूच्या चेहऱ्याला दोन दिवस नव्हते. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात लवकर सुटतो, म्हणून मी खोबरेल आणायला गेले, तर जानेवारीच्या थंडीने ते बाटलीत दगडासारखे गोठले होते. बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवून आम्ही तिघे तिच्याकडे पाहत बसलो. ते पातळ होईना, तेव्हा मी आकड्याची पिन निमुळत्या तोंडातून आत घालून तेल खरवडून काढले आणि कापसाने मनूचा चेहरा हळूहळू पुसून घेतला. पाच-सहा बोळे पिवळे झाल्यावर खालून मूळची मनू निघाली. तिच्या गालावरून बोट फिरवून मी म्हणाले, "बघ, किती मऊ झालाय." ती काही बोलली नाही, पण तिने स्वतःही बोट फिरवून पाहिले.

मंगळवारी ती बाणेरला गेली. जाताना खोबरेलाची बाटली आणि कापूर तिने मागून घेतले, फोडलेले रिठे नम्रपणे नाकारले, आणि फडताळावरच्या त्या करंगळीएवढ्या बाटलीबद्दल, "संपलीये मावशी, टाकून दे," असे दारातून सांगितले.

रात्री हे झोपल्यावर मी ती बाटली दिव्यासमोर धरली. तळाशी तीन-चार थेंब होते; नळी तिथपर्यंत पोहोचत नव्हती. साडेसहाशे रुपयांच्या बाटलीतले थेंब ते, असा मी विचार केला. टोपण घट्ट लावून बाटली उलटी केली, पण टोपणाच्या रबरी गोळ्यावर ती काही उभी राहीना, म्हणून तिला सासऱ्यांच्या तुरटीच्या खड्याचा टेकू दिला.