एक स्टार देणाऱ्या सरांना दुकानाकडून उत्तर

सर नमस्कार. जळालेल्या मोटारी भरायचं आमचं दुकान, आमच्याकडून तुम्ही सूर्यावरच्या स्फोटांचा असर रेडिओ सिग्नलवर पाहायचा अँटेना घेतला, त्याचा तुमचा रिव्ह्यू परवा पोरानं वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली "3,400 रुपये पाण्यात गेले, खाटेसारखी चौकट अन् तिला गुंडाळलेली तार, लॅपटॉपला लावलं तर नुसती घूं घूं, टक टक अन् खरखर, 14 मेला सूर्यावर एवढा मोठा स्फोट झाला तरी ग्राफ ढिम्म, दुकानदार फोन उचलत नाही". वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू.

फोनचं आधी सांगतो. मे म्हणजे आमच्या दुकानाचा जळालेल्या मोटारींचा महिना, विहिरी तळाला गेल्या की मोटार कोरडी फिरते अन् वाइंडिंग जाते, त्या आठवड्यात दारापुढे मोटारी इतक्या होत्या की गिऱ्हाईकाला बसायला जागा नाही. पण तुमचे चार मिस्ड कॉल मी पाहिले होते आणि परत लावला नाही, ती चूक माझीच.

आता स्फोटाचं. 2024 च्या 14 मेचा तो फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा स्फोट, एक्स 8.7 चा होता, एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार वर्ग, तेव्हा मोठाच होता, पण तो शिगेला गेला आपल्या घड्याळात रात्री 10 वाजून 21 मिनिटांनी. सूर्य तेव्हा अमेरिकेवर होता अन् आपण जेवून झोपायच्या तयारीत. अन् हा अँटेना काही सूर्याकडे पाहत नाही सर. तो ऐकतो तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं नेव्हीचं रेडिओ स्टेशन, 18.2 किलोहर्ट्झवर, पाणबुड्यांना निरोप द्यायसाठी 1990 पासून चालू असलेलं. तिथून निघालेला सिग्नल खाली जमीन आणि वर आभाळातला थर, साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा, ह्या दोघांच्या मधून पाटातल्या पाण्यासारखा इकडं येतो. दिवसा फ्लेअर झाला की त्याचे एक्सरे त्या थरावर पडतात, थर बदलतो, सिग्नलचा जोर बदलतो, म्हणून आपला ग्राफ हालतो. रात्रीच्या बाजूला एक्सरे पोचतच नाहीत तर हालंल कशानं? 10 मेला दुपारी 12 वाजून 24 मिनिटांनी एक्स 3.9 चा आला होता, तो आमच्या दुकानातल्या ग्राफवर सरळ वर चढून मग हळूहळू उतरताना दिसला, पण तुमचं पार्सल पोचलं 11 ला. एक दिवसानं हुकलं बघा.

पण घूं घूं आणि टक टक हे सगळं तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही रिव्ह्यूखाली फोटो टाकला ते बरं केलं, मोठा करून पाहिला. चौकट टिनाच्या शेडखाली भिंतीला टांगली आहे, बाजूलाच सोलर पंपाचा कंट्रोलर, आणि उघडी बाजू दक्षिणेला केली आहे, जशी टीव्हीची छत्री करतात. इथंच गंमत आहे. ह्या चौकटीला उलटं लागतं, स्टेशनकडे तिची कड पाहिजे, तोंड नाही. आपल्या भागातून ते स्टेशन जवळपास नाकासमोर दक्षिणेलाच पडतं, तेराशेएक किलोमीटर, म्हणजे चौकट दक्षिण-उत्तर उभी, शेतातल्या काकरीसारखी. तुम्ही टांगली तशी ठेवली तर सगळ्यात कमी सिग्नल येतो, जवळपास काहीच नाही. आणि हे आमच्या कागदावर लिहिलंच नव्हतं! "उघड्यावर उभी टांगा" एवढंच छापलं होतं, मी कागद काढून पाहिला. तेव्हा ही पण चूक दुकानाचीच.

टक टक मात्र मी तुम्ही टाकलेल्या आवाजाच्या क्लिपवरून ओळखली, पोराले म्हटलं हे झटका मशीन आहे. रानडुकरासाठी कुंपणाले लावता ना, ती दर सेकंदाला एक ठोका देते आणि तो ठोका ह्या फ्रिक्वेन्सीत थेट घुसतो. शेजारच्या वावरातली असली तरी ऐकू येते. घूं घूं विजेच्या लाईनची, त्यात लॅपटॉपच्या चार्जरची भर. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, शेडपासून पन्नास-साठ पावलं लांब न्या, फरक लगेच कळंल. अन् जी खरखर लिहिली ती तर माल आहे सर! लांब कुठंतरी वीज पडली की तिचा आवाज हजार-दोन हजार किलोमीटरवरून ह्याच पट्ट्यात येतो, मे महिन्यात तर संध्याकाळी पापड भाजल्यासारखा येतो. म्हणजे तार जिवंत आहे.

"खाटेसारखी चौकट" म्हटलं त्याचा राग नाही, दिसते तशीच. पण ह्या सिग्नलची एक लाट साडेसोळा किलोमीटर लांब असते, तिच्या मापाचा अँटेना कोणाच्या वावरात मावणार, खुद्द नेव्हीचे सगळ्यात उंच टॉवर 471 मीटरचे आहेत. म्हणून आपण मीटरभर बाजूच्या चौकटीला 50 वेढे देतो, 200 मीटर तार, तीच जी मोटारीत भरतो, अर्ध्या किलोच्या जवळपास तांबं. 3,400 जास्त वाटत असतील तर तांब्याचा भाव एकदा विचारा.

एक गोष्ट मात्र तुमच्या फोटोतच मला खटकली अन् ती तुम्ही लिहिलीच नाही. खालच्या उजव्या कोपऱ्याचा सांधा फाकला आहे, वेढे ढिले पडलेत. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, आपल्या उन्हानं आक्रसलं. ढिली तार वाऱ्यानं हालली की तीच आवाज करते. त्या लॉटच्या सगळ्या चौकटी मी परत बोलावल्या, तुमची पण बदलून देतो, पार्सलचा खर्च दुकानाचा. पाठवायच्या आधी मल्टीमीटरनं तारेची दोन टोकं मोजून सांगा, 14 ओहमच्या आसपास आलं तर तार शाबूत, तीच नव्या चौकटीवर चढवतो.

नवीन आली की पहिले दोन दिवस फ्लेअरची वाट पाहू नका, सकाळी सूर्य उगवताना आणि संध्याकाळी मावळताना ग्राफ पाहा, त्या वेळी तो रोज वळण घेतो. नाही घेतलं तर पैसे परत, स्टार तुमचा तसाच राहू द्या. आणि शेजाऱ्याला सांगून झटका मशीन तेवढा अर्धा तास बंद ठेवा, दिवसाच, रात्री नको, रानडुकरं येतात.