मोठ्याने बोला, पण स्वतःशी

समुपदेशन शिकणाऱ्याला सर्वांत आधी सल्ला देणे सोडावे लागते, आणि पुण्यात राहून ते सोडणे किती अवघड आहे, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. शालेय मानसशास्त्राच्या आमच्या वर्गाला यावर ‘स्व-सूचना’ हा उपाय सांगण्यात आला. डोनाल्ड माइकेनबाउम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी मांडलेल्या या पद्धतीत आधी शिकवणारा काम करता करता स्वतःशी मोठ्याने बोलून दाखवतो, मग मूल त्याच्या सूचनांनुसार तेच काम करते, पुढे स्वतः मोठ्याने बोलत, नंतर कुजबुजत आणि शेवटी मनातल्या मनात. उतावळ्या मुलांचे औषध आम्हाला दिले गेले, यात वावगे काहीच नव्हते. समोरच्याचे वाक्य संपण्याआधी तोडगा सांगून मोकळे होण्यात आमच्या वर्गाचा हात धरणारा कोणी नव्हता.

अडचण मोठ्याने बोलण्याच्या पायरीची आहे. लहान मूल खेळताना स्वतःशी बोलते आणि तेच बोलणे पुढे आत जाऊन विचार बनते, असे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की सांगून गेले. पण मुलाचे कौतुक होते आणि आमची चौकशी. सारसबागेतल्या बाकावर मी ‘घाई करू नकोस, आधी नीट ऐकून घे’ एवढेच म्हटले, तर शेजारचे आजोबा उत्तरले, “मी सकाळपासून इथेच बसलोय. घाई कोण करतंय?”

अखेर नारायण पेठेतल्या घरमालकीण काकूंवर सराव करायचे ठरवले. सुनेने आमटीत गूळच घातला नाही, ही त्यांची तक्रार. गुळाची वाटी टेबलावर ठेवा, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. ‘सल्ला नको, भावना ओळख,’ असे पुटपुटून मी म्हणाले, “काकू, तुम्हाला वाईट वाटलं.”

“वाईट कसलं? राग आला!”

भावना चुकली तरी बिघडत नाही, समोरचा माणूस ती दुरुस्त करतो आणि बोलणे पुढे सरकते, असे आम्हाला शिकवले आहे. बोलणे खरोखरच पुढे सरकले; आमटीवरून निघाले ते सुनेच्या माहेरापर्यंत गेले. ‘आता मोकळा प्रश्न विचार, हो-नाहीत न संपणारा,’ असे मी पुन्हा पुटपुटले, तेव्हा मात्र काकू थबकल्या. मग त्यांनी मला डोक्याला ब्राह्मीचे तेल लावायला सांगितले, रात्रीची जागरणे बंद करायला सांगितली आणि अजून वेळ गेलेली नाही, बँकेची परीक्षा दे, असेही सांगितले. मोकळा प्रश्न त्यांनी एकही विचारला नाही.