बंदोबस्तावरच्या बायकांवरही लिहा

मीरां बोरवणकर यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. १९८१ च्या तुकडीच्या त्या आयपीएस अधिकारी, मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख, पुढे पुण्याच्या पोलीस आयुक्त. राज्याला पहिली महिला पोलीस महासंचालक मिळायला मात्र २०२४ साल उजाडलं, रश्मी शुक्लांच्या रूपाने.

माझी आई शिपाई म्हणून भरती झाली, हवालदार म्हणून निवृत्त. सुरुवातीची ड्युटी साडीत. पळायची वेळ आली की एका हातात निऱ्या, दुसऱ्यात काठी. विसर्जनाच्या बंदोबस्ताला सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही, कारण बाईमाणसाला जायला जागाच नसायची. मूतखड्याचं दुखणं तिने तिथूनच आणलं, असं मला आजही वाटतं.

२०२२ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश निघाला, तेव्हा ती घरी बसलेली. “पोरींचं भलं झालं,” एवढंच म्हणाली. पण पोलीस ठाण्यात माणसं कमी पडली की ते आठ तास कागदावरच राहतात, हे खात्यातली माझी मावसबहीण सांगते. महिलांसाठीच्या ३० टक्के आरक्षणातून आलेल्या या मुलींच्या पाळणाघराचं, बंदोबस्तातल्या शौचालयाचं काय चाललंय, यावर पुढचा लेख कराच.