ओल्या लोकरीचा वास

मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला होते. आइसलँड म्हटलं की सगळे ज्वालामुखीचं विचारतात, नॉर्दर्न लाइट्स दिसले का विचारतात. मला मात्र तिथल्या लोकरीबद्दल आणि पाण्याबद्दल लिहायचंय. हल्ली 'आइसलँड वेलनेस'च्या महागड्या पॅकेजच्या जाहिराती सारख्या समोर येतात, त्या बघून राहवत नाही.

पोचले त्याच आठवड्यात लेकीने तिचा लोपापेसा माझ्या अंगावर चढवला. गळ्याभोवती गोल नक्षी असलेला, हाताने विणलेला तिथला स्वेटर. आधी टोचला. बाहेर पडलो तर पाऊस आडवा, छत्री उघडायची सोय नाही. परत आलो तेव्हा बाह्या भिजून जड झाल्या होत्या, पण आत अंग ऊबदार. रेडिएटरवर वाळत टाकला आणि खोलीभर वास सुटला. ओल्या घोंगडीचा वास! माझे वडील लावणीच्या दिवसांत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन शेतावर जायचे. संध्याकाळी ती पडवीतल्या दांडीवर पडली की अगदी हाच वास यायचा. मी नातवाला मांडीवर घेऊन त्या रेडिएटरपाशी बराच वेळ बसून राहिले.

तिथल्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. वरची लांब, राठ ती 'तोग', ती पाऊस अडवते. आतली मऊ ती 'थेल', ती ऊब धरते. लोपी नावाच्या लोकरीत दोन्ही एकत्र असतात आणि पीळ अगदी कमी, म्हणून आत हवा कोंडून राहते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पिते तरी हाताला ओली लागत नाही, उलट ओलावा शोषताना थोडी उष्णता सोडते. तिथले जुने कोळी दोन अंगठ्यांचे लोकरी हातमोजे घालायचे. एक बाजू झिजली की मोजा फिरवून दुसऱ्या बाजूने घालायचा. ज्यांना हे सुचलं त्यांच्यासाठी लोकर म्हणजे जीव वाचवणारी वस्तू होती.

आता पाणी. रेक्याविकच्या नळाला थंड पाणी येतं ते लाव्हाच्या थरांतून गाळून आलेलं, त्यात क्लोरीन घालावं लागत नाही. गरम पाणी जमिनीतूनच येतं, त्याला किंचित गंधकाचा वास. शहरातला मोठा रस्ता लाउगावेगुर, म्हणजे 'झऱ्यांकडे जाणारा रस्ता'. या वाटेने बायका धुण्याचे बोजे घेऊन लाउगार्दालुरच्या गरम झऱ्यांवर जायच्या. तीनेक किलोमीटर, बर्फातून. उकळत्या पाण्यात पडून काही जणींचा जीवही गेला. 1930 साली त्याच झऱ्यांचं पाणी नळाने एका शाळेत नेलं. आज देशातली दहापैकी नऊ घरं जमिनीखालच्या उष्णतेवर ऊबदार राहतात. तो रस्ता चालताना मला दुकानांपेक्षा त्या बायकाच जास्त दिसायच्या.

आणि तरणतलाव! गावोगावी, नगरपालिकेचे, उघड्यावर. बाहेर बर्फ पडतोय आणि माणसं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून गप्पा मारताहेत. किनारा दिसत असताना पोहता येत नाही म्हणून कोळी बुडायचे, त्या देशाने 1940 साली शाळेत पोहणं सक्तीचं केलं. पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, साबण लावून, सगळ्या बायकांसोबत अंघोळ करावी लागते. पहिल्या दिवशी मी दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, कुणीही बघत नाही गं." खरंच कुणी बघत नव्हतं. ऐंशीच्या आजी होत्या, ऑपरेशनचे व्रण असलेल्या बायका होत्या, शाळकरी मुली होत्या. साठ वर्षांत मी इतकी वेगवेगळी शरीरं इतक्या सहजपणे वावरताना पाहिली नव्हती. मला वाटलं, या मुली लहानपणापासून हे बघत मोठ्या होतात, त्यांना स्वतःच्या पोटाची, सुरकुत्यांची लाज वाटायचं कारण काय?

म्हणून त्या जाहिरातींचा राग येतो. ज्या निळ्या पाण्याचे फोटो सगळीकडे फिरतात, त्या ब्लू लगून नावाच्या पर्यटनस्थळाचं पाणी म्हणजे स्वार्त्सेंगीच्या वीजकेंद्रातून वापरून बाहेर पडलेलं, बरंचसं खारं पाणी. ज्याला जायचंय त्याने जावं. पण तिथल्या माणसांना बरं ठेवतं ते गल्लीतलं परवडणारं तळं आणि तीस वर्षं टिकणारा आजीच्या हातचा स्वेटर. पाणी सगळ्यांचं आहे, म्हणून त्या हौदात आजी, मास्तर, ड्रायव्हर शेजारी शेजारी बसतात.

आपल्याकडे काय नाही? गरम झऱ्यांचं उन्हवरे आहे, वज्रेश्वरी आहे, उन्हेरे आहे. बायकांना निवांत अंघोळ करून, आडोशाला कपडे बदलून बाहेर पडता येईल अशी नीट जागा किती झऱ्यांवर आहे? आणि दख्खनी मेंढी? तिची राठ काळी लोकर कातरून धनगर बांधावर टाकून देतात, कारण घ्यायला कुणी येत नाही. मांसाला भाव म्हणून माडग्याळ जातीची मेंढी वाढली, आणि तिच्या अंगावर विणण्याजोगी लोकर नसते. चिंचोक्याची खळ लावलेली, मागावरची खरी घोंगडी आता शोधावी लागते.

वडिलांची घोंगडी कसरीने खाल्ली. मला नातवासाठी एक हवी आहे, दख्खनी लोकरीचीच, मिलच्या धाग्याची नको. सांगली, सोलापूर, साताऱ्याकडे अजून मागावर बसणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. मी स्वतः जाऊन घेईन.