‘आय-७ च घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपवर लॅपटॉपच्या प्रोसेसरबद्दल, म्हणजे त्याचा मेंदू असलेल्या चिपबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार फर्मानं असतात: इंटेल कंपनीच्या आय-५ च्या फंदात पडू नका, आय-७ च घ्या; गिगाहर्ट्झ (चिपच्या वेगाचं माप) जास्त तोच फास्ट; बजेट नसेल तर जुना आय-७ बघा, तोही नव्या आय-५ ला भारी; आणि एएमडी (इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी) नको, तापतो. बेदाणा विकून आलेल्या पट्टीतून पैसे बाजूला काढून लॅपटॉप घेणारा माणूस हे वाचून दुकानात जातो, म्हणून जरा सविस्तर.

आधी आय-५ आणि आय-७. इंटेलचा आय-५ १३३५यू आणि आय-७ १३५५यू शेजारी ठेवा. दोन्हींत १० कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग (२ दमदार, ८ वीज वाचवणारे), १२ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), १२ एमबी कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी), वीज वापराची १५ वॉटची मूळ मर्यादा. फरक आहे तो जास्तीत जास्त वेगात, ४.६ आणि ५.० गिगाहर्ट्झ. ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भागही आय-७ मध्ये थोडा मोठा. बस्स. उलट ४५ वॉटच्या आय-५ १३४२०एच मध्ये दमदार कोअर ४ असतात, त्यामुळे लांबलचक कामात तो त्या आय-७ ला मागे टाकतो. शेवटचं अक्षर यू (कमी विजेची चिप) की एच (जास्त ताकदीची), हे आधी बघायचं. एच मध्ये मात्र आय-७ ला अर्थ आहे: १३७००एच ला १४ कोअर, १३५००एच ला १२.

यू घेणार असाल तर वाचलेले पैसे रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, घाला. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. ८ जीबी आणि दोनपैकी एकच स्लॉट वापरात दिसला, तर या चिपांचं आयरिस एक्सई ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालत नाही, नावही आयरिस एक्सई ऐवजी नुसतं यूएचडी दाखवतं. रॅमची दुसरी पट्टी बसवली की फरक पडतो. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, हे पैसे देण्याआधी विचारा. मेसेजमध्ये रॅमचा र सुद्धा नाही, कमाल आहे.

गिगाहर्ट्झचं म्हणाल तर वरचा फरक नऊ टक्क्यांच्या आत बसतो, आणि तो आकडा काही क्षणांपुरता. पातळ बॉडीत चिप तापली की वेग आपोआप उतरतो.

जुना आय-७? २०१६ चा आय-७ ७५००यू फक्त दोन कोअरचा. पुढच्याच वर्षी आलेल्या आय-५ ८२५०यू ला चार. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो ७५००यू नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेकंडहँडवाला हे कशाला सांगेल?

राहिलं एएमडी. तापण्याची ख्याती २०१७ च्या आधीच्या, रायझन ही एएमडीची नवी मालिका यायच्या अगोदरच्या चिपांची. रायझन ५ ७५३०यू ची मूळ मर्यादाही १५ वॉटच, आणि वर उल्लेख केलेला १३३५यू जोर लावताना ५५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीला नावं ठेवायचीच होती तर नंबरांवरून ठेवायची होती. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही रायझन ५, दोन्ही सात हजारी, म्हणजे नंबर ७ ने सुरू होणारे. पण रचना तिसऱ्या आकड्यात लपलेली: पहिल्यात २०१९ ची झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव) आणि ४ कोअर, दुसऱ्यात २०२० ची झेन ३ आणि ६ कोअर. बाहेरच्या स्टिकरवर दोघांचंही नाव एकच, रायझन ५.