लिनक्स शिकवलं तर मुलांचं वाटोळं होतं म्हणे, त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, स्टाफच्या, पालकांच्या आणि आमच्या सोसायटीच्या पण. थोडक्यात असं की कॉलेजांनी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम), लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) असलं फुकटचं सॉफ्टवेअर लावून मुलांचं वाटोळं करू नये, कंपन्यांत ते कुणी वापरत नाही, फुकट म्हणजे दर्जा नाही आणि सपोर्ट पण नाही, कोड उघडा असतो म्हणून सेफ नाही, मराठी टाईप होत नाही, आणि विद्यार्थ्यांना पेड सॉफ्टवेअर तसंही फ्री मिळतंच. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बारा वर्षं प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स घेतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं, कंपन्यांत कुणी वापरत नाही. जगातले सगळ्यात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉईड फोनच्या आत लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, आहे. पायथन, ज्याचे क्लास कॉलेज रोडला गल्लोगल्ली आहेत, ते ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, कोडमधले बदल सांभाळणारं गिट ओपन सोर्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस ओपन सोर्स. सर्व्हरचं काम करणाऱ्या पोराला टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करून काम करायची खिडकी, येत नसेल तर पहिल्या आठवड्यातच तो अडकतो.

आता जवळचं सांगते. माझी एक विद्यार्थिनी, डिप्लोमा दुसरीकडून करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली, हुशार मुलगी. तिला एका इंटरव्ह्यूत विचारलं सी भाषेतला इंट, म्हणजे पूर्णांक, किती बाईटचा, ती म्हणाली दोन. समोरच्याने तिथल्या तिथे प्रोग्रॅम चालवून दाखवला, उत्तर चार. तिची चूक नव्हती हो, तिला तीन वर्षं टर्बो सी वर शिकवलेलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, 16 बिटच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, तिथे इंट दोनच बाईटचा, निळी स्क्रीन, डॉसबॉक्स नावाच्या, जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला कोनिओ डॉट एच आणि क्लिअरस्क्रीन, आणि शेवटी गेटसीएच. असा प्रोग्रॅम लिनक्सवरच्या जीसीसी या आजच्या सी कंपायलरमध्ये जसाच्या तसा चालत नाही. जीसीसी फुकट आहे, मुक्त आहे, जगभर वापरात आहे, आणि लॅबमध्ये टाकायला अर्धा तास लागतो. तरी अजून कितीतरी ठिकाणी निळी स्क्रीन चालूच आहे, कारण "आधीपासून हेच चालत आलंय". प्लेसमेंटचं नुकसान कशाने होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते लिनक्सने झालेलं नाही. आणि हे काही माझं एकटीचं खूळ नाही, आपल्या पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये लॅबसाठी 64 बिट ओपन सोर्स लिनक्सच सुचवलेलं आहे.

एक मात्र मान्य करते. मेकॅनिकलच्या पोरांना अंबड-सातपूरच्या टूलरूममध्ये जायचं असेल तर तिथे जे कॅड चालतं ते यायलाच हवं, कॉमर्सवाल्यांना टॅली यायला हवं. ते शिकवाच. पण वर्ड आणि एक्सेलची जागा लिब्रेऑफिसने घेतली तर मुलाची नोकरी जात नाही, ज्याला पिव्होट टेबल काय असतं ते कळलं त्याला मेनू शोधायला एक दिवस पुरतो.

दुसरं, फुकट म्हणजे दर्जा नाही. यात शब्दाचाच घोळ आहे. आपल्या नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून, त्याला कुणी फुकट विद्यापीठ म्हणतं का? फी भरावीच लागते, पण दार सगळ्यांना उघडं आहे. सॉफ्टवेअरमधलं मुक्त पण तसंच. कशासाठीही वापरा, आत कसं चाललंय ते वाचा, बदला, मित्राला कॉपी द्या, हे चार हक्क मिळतात. विद्यार्थ्याला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे?

सपोर्टचं म्हणाल तर आमच्याकडे एका पेड सॉफ्टवेअरचं लायसन्स ओरल-प्रॅक्टिकलच्या आठवड्यात बंद पडलं, तिकीट टाकलं, चौथ्या दिवशी उत्तर आलं की रिन्युअलचे पैसे भरा. तीस मुलं जर्नल घेऊन बसलेली. उलट आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिनक्स, पायथन, लिब्रेऑफिस, गणितासाठीचं सायलॅब, आणि त्यातले बरेच चक्क मराठीत. सुरगाण्याहून आलेली माझी मुलं हेडफोन लावून ते बघत टाईप करतात आणि मला फक्त अडलं की हाक मारतात. तिथलाच फॉसी नावाचा प्रकल्प कॉलेजांच्या लॅब मुक्त सॉफ्टवेअरवर आणायला मदत करतो, केंद्र सरकारच्या पैशातून चालतो. मागणारं कॉलेज हवं फक्त.

तिसरं, कोड उघडा म्हणून सेफ नाही. बग सगळ्यातच असतात, मुक्तमध्ये पण, 2014 चा हार्टब्लीड नावाचा बग मोठाच होता. पण 2024 मध्ये फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या मुक्त लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवला तेव्हा आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्याने खणून काढलं आणि जगाला सांगितलं. खणायला मिळालं कारण सगळं उघडं होतं. आणि आपल्याकडचा खरा धोका वेगळाच आहे, क्रॅक, म्हणजे पेड सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली चोरटी कॉपी. मुलं झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राईव्हवर क्रॅक आणतात, लॅबला लावतात, त्यासोबत व्हायरस येतो, आणि सगळे फोल्डर एक केबीचे शॉर्टकट होऊन बसतात. मुलं रडकुंडीला येतात, प्रोजेक्ट गेला म्हणून. मी तो पेनड्राईव्ह उबंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) मशीनला लावते, लपवलेले खरे फोल्डर तिथे सरळ दिसतात, कॉपी करून देते. या सेमिस्टरला हे नऊ वेळा केलं.

मराठी टायपिंग: उबंटूच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, युनिकोड आहे म्हणजे मजकूर कुठल्याही मशीनवर मराठीतच दिसतो, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. जुन्या फॉन्टमधल्या फाईली दुसऱ्या मशीनवर भलतीच अक्षरं दाखवतात तो त्रास विंडोजवर पण तोच.

शेवटचं, विद्यार्थ्यांना पेड फ्री मिळतं. मिळतं, पण शिकण्यापुरतंच, त्यावर पैसे घेऊन काम करायची परवानगी नसते आणि शिक्षण संपलं की तेही संपतं. घरी बसून दोन ड्रॉईंगची कामं घेणारा पोरगा मग क्रॅककडेच वळतो. फ्रीकॅड हे ड्रॉईंगचं मुक्त सॉफ्टवेअर नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 ला पोचलं, त्यावर केलेलं काम त्याचं, आज पण आणि पाच वर्षांनी पण.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि आमच्या लॅबमधली बावीस मशीन विंडोज 11 घेत नाहीत. ती भंगारात काढायचा प्रस्ताव आहे. त्यातल्या दोनांवर मी लिनक्स मिंट (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) टाकलंय, आठ वर्षांची मशीन, 4 जीबी रॅम, व्यवस्थित चालतायत. ज्यांनी तो मेसेज पाठवला त्या सगळ्यांना सांगते, शनिवारी दुपारी मी लॅबमध्येच असते, येऊन स्वतः बसून बघा, आणि मग उरलेल्या वीस मशीनचं काय करायचं ते प्राचार्यांना आपण मिळून सांगू.